कापिसचा जुना आकडा

प्रिय अर्विन,

काल तुझ्या जोसीचा फोन आला होता. तू अनुदानाचा अर्ज पुन्हा करणार नाहीस, कोळंबीचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीत चिकटणार आहेस, असं म्हणाली. "मॅम, तुम्हीच सांगा त्याला, माझं कुठे ऐकतोय तो," म्हणून रडायलाच लागली. अर्जाची मुदत एकवीसला संपते आणि आज नऊ तारीख आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

गेल्या रविवारी माझ्याकडे नूडल्सचं बाचोय खाताना तू तुझा अर्ज पाडणाऱ्या त्या तिसऱ्या परीक्षकाचा यथेच्छ उद्धार केलास. पहिल्या दोघांनी नव्वदच्या वर गुण दिले, तिसऱ्याने साठ, आणि शेरा काय, तर ‘पाया कच्चा आहे’. "या बाबाने जन्मात कधी चिखलात पाय घातला नसेल, मॅम. एसीत बसून अक्कल शिकवतोय," असं तू म्हणालास आणि मी तुला आणखी रस्सा वाढला. कापिस शिंपल्यांची पिल्लं हौदात वाढवून आपल्या खाडीत सोडायची, ही तुझी कल्पना मला पहिल्यापासून आवडते. तुझ्यासारखा चिवट विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.

पहिल्यांदा खाडीत उतरलास तेव्हा चिखलात दोन्ही चपला घालवून बसला होतास, आठवतं? त्याच दिवशी मी तुझ्याकडून माझ्या शोधनिबंधातला आकडा पाठ करून घेतला होता: शंभर चौरस मीटरला एक्केचाळीस जिवंत शिंपले. तुझा अख्खा अर्ज त्यावर उभा आहे. पिल्लं किती सोडायची, हौद किती लागतील, सगळं. तो आकडा चुकीचा आहे. गढूळ पाण्यात काही दिसेना, म्हणून आम्ही हाताने चाचपून मोजले होते. दोन वर्षांनी त्याच जागचे शिंपले वर काढून उघडले, तर निम्म्यांत नुसता चिखल भरलेला. खरा आकडा विसाच्या आसपास आहे. पण तोवर त्या निबंधावर मला बढती मिळाली होती. मी त्या दुसऱ्या मोजणीची वही कपाटात टाकली आणि तुला तोच आकडा शिकवत राहिले. याची मला लाज वाटते.

परीक्षकांकडे अर्ज येतात ते नावं झाकून. पण त्या खाडीत आपल्याशिवाय संशोधनाला कोण उतरलंय? दुसऱ्याच पानावर मी तुला ओळखलं. अर्ज तेव्हाच परत पाठवायला हवा होता. त्याऐवजी पाया कच्चा आहे असं लिहिलं आणि तो माझा आहे हे लिहायला घाबरले. सोबत त्या वहीच्या पानांच्या प्रती आहेत, आणि निबंधातला आकडा मागे घेणारं पत्रही, जे आज सकाळी मासिकाला आणि अनुदान समितीला पाठवलं. रविवारी नाही आलास तरी चालेल, पण नव्या आकड्यावर हौदांचं गणित पुन्हा मांड आणि एकवीसच्या आत अर्ज कर.

तुझीच तिसरी परीक्षक,
सोलेदाद