दोन्ही बाह्या डाव्या

१२ डिसेंबर

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, छताची गळती थांबली, शेजारीण होती तशीच आगाऊ आहे. तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला, आईला नेमकं काय झालं होतं, त्याचं उत्तर आधी.

आई 'खचून' गेली नव्हती, मावशी काहीही म्हणो. प्रिऑन नावाचं प्रथिन सगळ्यांच्याच मेंदूत असतं. त्यातलं एखादं चुकीच्या घडीत बसतं आणि शेजारच्यालाही तशीच घडी पाडतं. मग पेशी मरत जातात. मी प्रयोगशाळेत जन्मभर मेंदूचे काप काचपट्टीवर चढवले. आईचा काप चढवायला डॉक्टरांनी मला मनाई केली होती. तो दुसरीनं चढवला, पण सूक्ष्मदर्शकातून मी पाहिलाच. स्पंजासारखी भोकं. नोंदवहीत क्रमांक लिहिला आणि पुढची पट्टी घेतली.

आठवतं, आई शिवायला बसली की आपण खाली चिंध्या वेचायचो? ती तोंडात टाचण्या धरून बोलायची आणि आपल्याला सगळं कळायचं. अख्ख्या गल्लीचे कपडे तिच्या हाताखालून गेले, टाका कधी चुकला नाही. म्हणून तुझ्या बक्षीस समारंभाचा फ्रॉक पाहून मी भडकले. दोन्ही बाह्या डाव्या. लक्ष कुठे असतं तुझं, उसव आधी, असं म्हणाले तिला. ती उसवायला बसली, तर कात्रीत बोटं घालता येईनात. तू फ्रॉक काढून घेतलास, अंगात घातलास आणि म्हणालीस, "असू दे गं ताई, हात वर केला नाही की कळत नाही."

बक्षीससुद्धा तू कोपर अंगाला चिकटवून घेतलंस. मी हसले होते.

पाच महिन्यांत आई गेली. त्या फ्रॉकनंतर मी तिच्याशी धड बोलले नव्हते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

तर, आपल्या घरात हा दोष रक्तातून येतो. आईकडून प्रत्येकीला निम्मी शक्यता. माझ्यात निघाला म्हणून तुझ्यात असेलच असं नाही, नाही निघाला म्हणून तू सुटलीस असंही नाही. औषध नाही, हे धरून तपासणीचं तुझं तू ठरव. मी सांगणार नाही.

दुसरा प्रश्न, मी केली का. मार्चमध्ये केली. माझ्यात आहे. फोन करून रडू नकोस, मला ते जमत नाही.

सोबत स्वेटर पाठवते आहे. तीनदा उसवून विणला, तरी उजवी बाही दोन बोटं लांबच राहिली. टाके मोजताना मधेच आकडा निसटतो. का निसटतो, ते मला कोणी समजावून सांगायला नको. चौथ्यांदा उसवला नाही. तूही उसवू नकोस. बाही दुमडून घाल.

भेटायला येशील तेव्हा तोच घालून ये. त्या बाहीवरून मी ओरडले, तर तेव्हा म्हणालीस तेच म्हण.

तुझी,
ताई