वाटाड्याचा बिल्ला

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. तू फोनवर सांगितलंस तसं सगळं केलं बरं का. दुर्बीण काढून पुसली. खाकी टोपी माळ्यावरून उतरवली, तिच्यात पालीने अंडी घातली होती, ती तुझ्या आईने मला शिव्या देत झटकली. बुटांना नवीन नाड्या घातल्या. तुझी भिंगरी सकाळी सातला निघाली. पाठीवर पिशवी, गळ्यात होकायंत्र, खिशात दोन काडेपेट्या, आणि चेहरा असा गंभीर की जणू राज्य जिंकायला चालली आहे. मला म्हणाली, आजोबा, संध्याकाळी भेटू. मी म्हटलं, हो, भेटू. याहून जास्त बोललो असतो तर माझा आवाज चोरासारखा निघाला असता, म्हणून तोंड बंद ठेवलं.

तुझी बदली झाल्यापासून ही पोर आमच्याकडे आहे आणि या सहा महिन्यांत आमच्या घराचं पार रान झालंय. तुला फोनवर तिच्या गाईड पथकाचे फक्त बिल्ले कळतात, बारावा मिळाला, आता शेवटचा राहिला वगैरे. ते बिल्ले कुणाच्या जिवावर मिळाले ते कोण सांगणार? गाठींचा बिल्ला होता तेव्हा तिने तुझ्या आईच्या कपाटाच्या दोन्ही मुठी एकमेकींना अशा बांधल्या की दोन दिवस तुझी आई एकाच साडीवर होती. तंबूचा बिल्ला होता तेव्हा पाहुण्यांच्या खोलीत तंबू उभा राहिला, आणि खुंटी ठोकायला जागा नाही म्हणून एका दोरीला मला खुर्चीसकट बांधलं. मी उठलो की तंबू पडायचा. स्वयंपाकाचा बिल्ला तर विचारूच नकोस. निखाऱ्यात भाजलेला बटाटा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. तीन दिवस तोच खाल्ला आणि तीन दिवस वा वा म्हणालो. तुझी आई म्हणाली, पोटच्या पोरीचं एवढं कौतुक कधी केलं नाहीत. खरं आहे तिचं.

पण कळस झाला तो प्रथमोपचाराच्या वेळी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून भिंगरीने मला स्टुलावर बसवून डोळ्यांची पट्टी बांधायला घेतली. दोन्ही डोळ्यांवर, डोक्याभोवती, हनुवटीखालून, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी. तेवढ्यात एक गृहस्थ नंबर तपासायला आले. दारात उभे राहून त्यांनी वर पाटी वाचली, ‘येथे डोळे तपासून चष्मे मिळतील’, मग माझ्याकडे बघितलं, आणि आल्या पावली निघून गेले. मला दिसलं नाही, भिंगरीने सांगितलं. आता ते समोरच्या फुटपाथवरून जातात. मी हात केला तरी बघत नाहीत.

तर आजची परीक्षा, वाटाड्याच्या बिल्ल्याची. नियम तेच आहेत गं, तुझ्या वेळचे. बारा किलोमीटर एकटीने, नकाशा आणि होकायंत्र एवढंच. टेकडीमागच्या तिन्ही खुणा शोधायच्या, वाटेत स्वतः चूल मांडून काहीतरी रांधायचं, सगळं वहीत वेळ घालून लिहायचं आणि पाचच्या आत पथकाच्या खोलीत हजर. वाटेत घरचं माणूस भेटलं की परीक्षा बाद. वर्षातून एकदाच, आणि सोळा पूर्ण झाल्यावर नाहीच. पथकाच्या बाईही त्याच, शिट्टीबाई. केस पांढरे झालेत, गळ्यातली शिट्टी मात्र तीच आहे. परवा रस्त्यात दिसल्या तर मला पाहून त्यांचा हात आपोआप शिट्टीकडे गेला. मी पलीकडच्या गल्लीत वळलो. पासष्टाव्या वर्षी माणसाने एका बाईला भिऊन गल्ली बदलावी ही काही शोभेची गोष्ट नाही, पण काय करणार, करावे तसे भरावे.

तू म्हणशील, बाबांनी विषय काढलाच शेवटी. काढतो. वीस वर्षं आपण या गोष्टीवर हसत आलोय. पाहुणे आले की तू सांगतेस, मी लाजल्यासारखं करतो, आई पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते. आज नीट सांगू दे.

तू सोळाची व्हायला तीन आठवडे होते. तुझी ती शेवटचीच संधी होती. तू निघालीस आणि पंधरा मिनिटांनी मी निघालो, दुकानातली सगळ्यात भारी दुर्बीण गळ्यात अडकवून, आणि ओळखू येऊ नये म्हणून स्वच्छ कोरड्या हवेत काळी छत्री उघडून. त्या माळावर दुसरं माणूस नव्हतं. मैलभर लांबून कुणालाही दिसावं की एक छत्री झुडपामागून झुडपामागे पळते आहे. तू तीन खुणांपैकी दोन शोधल्यास. दुर्बिणीतून मला तू अगदी हाताच्या अंतरावर दिसत होतीस, नकाशा जमिनीवर ठेवून कोपऱ्यांवर दगड मांडत होतीस. मी बघत बघत चालत राहिलो. जन्मभर लोकांना लांबचं आणि जवळचं दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि झाडं लावायला खणलेला चर मला पायाखाली येईपर्यंत दिसला नाही. पडलो तो थेट तळाला. आणि आई गं म्हणून असा ओरडलो की शेजारच्या झाडावरचे बगळे उडाले.

तू धावत आलीस. चराच्या काठावरून वाकून मला बघितलंस. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. क्षणभर मला वाटलं, ही आता वरून माती लोटते की काय. पण तू उतरलीस, घोटा तपासलास, माझ्याच छत्रीची काठी मोडून पायाला लावलीस, स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ सोडून बांधलास, आणि दोन किलोमीटर मला खांद्याचा आधार देत रस्त्यापर्यंत आणलंस. रस्त्यावर बसून वही काढलीस आणि लिहिलंस, ‘अकरा चाळीस. वडील चरात सापडले.’ मी हात जोडून म्हटलं, ठकू, हे लिहू नकोस, मी रिक्षा करून घरी जातो, तू तिसरी खूण गाठ, कुणाला कळतंय? तू म्हणालीस, मला कळतंय ना. आणि वही मिटलीस.

शिट्टीबाईंनी वही वाचली, मग मला बोलावून विचारलं, तुम्ही तिथे काय करत होता? मी म्हटलं, फिरायला गेलो होतो, रोज सकाळी जातो. त्या म्हणाल्या, घरापासून नऊ किलोमीटर? छत्री घेऊन? मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. बाईंनी तुझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, मुली, तू आज जे केलंस ते बिल्ल्याहून मोठं आहे, पण बिल्ला मला देता येणार नाही. तू सलाम केलास आणि बाहेर आलीस. रडलीस ती घरी येऊन, उशीत तोंड खुपसून. मी लंगडत दाराशी उभा होतो. आत यायचं धाडस झालं नाही.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते ऐक. रात्रीच्या जेवणाला तू विचारलंस, कुणी सांगितलं होतं तुम्हाला मागे यायला? आणि मी, तुझा बाप, भाताकडे बघत म्हणालो, हिलाच चैन पडेना, हिनेच पाठवलं. तुझ्या आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाटीत आमटी वाढली. तू तिच्याशी दोन महिने अबोला धरलास. माझा घोटा मात्र रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्यात शेकलास, आणि मी निर्लज्जासारखा शेकून घेतला. ठकू, तिने मला पाठवलं नव्हतं. त्या सकाळी ती दाराची कडी धरून उभी होती. म्हणाली, पोरीला जाऊ द्या हो, तिला येतंय सगळं. मी तिचा हात बाजूला करून गेलो. नंतर कितीदा म्हटलं, सांगून टाकतो, तर म्हणायची, राहू द्या, पोरीला एका दिवसात किती जणांचा राग धरायला लावाल? माझ्यावर धरला तर मी पुरून उरेन. आणि उरली बाई ती. पण पाहुण्यांसमोर तू तो किस्सा सांगतेस आणि ‘आईने पाठवलं’ या वाक्याला सगळे हसतात, तेव्हा ती आत का जाते ते आता तुला कळेल.

मी का गेलो? विंचू-साप, खड्डे, वाईट माणसं, ही कारणं मी लोकांना सांगत आलो. तुझ्या बाबतीत ती खोटी होती. तू वाट चुकशील असं मला एकदाही वाटलं नाही. तू एकटी जाशील आणि सुखरूप परत येशील, याचीच धास्ती वाटली. मग माझं घरात काम काय उरलं? हे असं लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे. तुझा बिल्ला चराने घालवला नाही, मीच घालवला. चुकलं माझं, बाळा.

आणि आता तू, माझी लेक, त्या दिवशीची सगळी जळजळ मनात असूनही मला फोन करून म्हणतेस, बाबा, जरा मागे मागे जा, तिला कळू देऊ नका. मी ऐकून हसूच लागलो होतो. मग तुझ्या आवाजातली काळजी ऐकली आणि हसू थांबलं. नाही म्हटलं असतं तर तू रजा टाकून, रात्रभर गाडीत बसून इथे आली असतीस आणि स्वतः झुडपामागे उभी राहिली असतीस. म्हणून हो म्हटलं. तू आज ऑफिसात निर्धास्त बसावंस, बाबा आहेत मागे असं म्हणत काम करावंस, एवढ्यासाठी. तयारी खरीच केली होती, कारण सकाळपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पण मी गेलो नाही, ठकू. सकाळी सातपासून घरच्या टेबलाशी बसून हे पत्र लिहितोय, आणि तीनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलोय. तिसऱ्या वेळी तुझ्या आईने दुर्बीण धुण्याच्या बादलीत बुडवली. म्हणाली, आता बसा. तुझ्या वाटणीची काळजी आज मीच केली, आणि सांगतो, अकरा चाळीसला तर जीव नुसता टांगणीला लागला होता. पत्र तुला चार दिवसांनी मिळेल, तोवर तुला तुझ्या लेकीकडून सगळं कळलेलं असेल. मला मात्र आत्ता, साडेपाच वाजता कळतंय. आली. एक बूट चिखलाने भरलाय, गुडघ्याला पट्टी आहे, तिनेच बांधलेली, आणि शर्टावर वाटाड्याचा बिल्ला आहे. पडलीस कुठे, वाट चुकलीस का, रडलीस का, मी एका दमात सगळं विचारलं, तर म्हणाली, आजोबा, आधी खायला द्या. काय झालं तिकडे ते मला ठाऊक नाही. तुझी आई हसत हसत डोळे पुसत पोळ्या करतेय. माझ्यावर रागवायचं असेल तर सावकाश रागव, मी कुठे पळून जात नाही. पण पत्र वाचून झालं की आधी तुझ्या आईला फोन कर.

तुझाच,
बाबा