गॅमा किरण आणि गच्चीची किल्ली

तीर्थस्वरूप मेहुणे यांस,

घरात उरलेल्या एकुलत्या एका माणसाचा नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? (पावसाच्या आधी ठणकतो म्हणालात, ती नोंद माझ्या कामाची आहे.) आपली बहीण तिथे सुखरूप पोचली असेलच. झाला प्रकार तिने तिच्या पद्धतीने सांगितला असणार. शास्त्रीय बाजूही आपल्या कानावर असावी, एवढ्याच हेतूने लिहितो. तिने परत यावं असा माझा मुळीच आग्रह नाही.

वीज कडाडते तेव्हा ढगांतले इलेक्ट्रॉन भन्नाट सुटतात, हवेवर आदळतात आणि त्यातून गॅमा किरण निघतात. किरण पुरेसा जोरकस असला, तर नायट्रोजनच्या गाभ्यातला एक न्यूट्रॉन उडवून लावतो. मागे राहिलेला गाभा मग स्वस्थ बसत नाही. असे जेवढे गाभे असतील, त्यातले निम्मे दहा मिनिटांत मोडून कार्बन होतात. (हे मला कुणी शिकवलेलं नाही. पंखे-मिक्सर दुरुस्त करता करता मी वाचून घेतलं.) हे किरण टिपायला मी एक यंत्र केलं. किरण पडला की मिणमिणणारा स्फटिक आणि ती मिणमिण पाहणारा विजेचा डोळा. डबा मात्र असा हवा, की आत उजेड शिरता कामा नये आणि गॅमा शिरला पाहिजे. असा डबा घरात एकच होता : आपण आम्हाला दिलेला कुकर. किरण टिपला की वाजणाऱ्या भोंग्याची वायर शिट्टीच्या भोकातून घेतली आणि भोक डांबराने असं बुजवलं, की मुंगीलाही वाट मिळू नये.

परवा संध्याकाळी आभाळ भरून आलं. कुकर गच्चीवर, मी आणि भोंगा जिन्यात. वीज चमकली, भोंगा वाजला. पुन्हा चमकली, पुन्हा वाजला. गॅमा आला म्हणजे न्यूट्रॉन उडाला, न्यूट्रॉन उडाला म्हणजे गच्चीवरची हवा बिघडली, सरळ हिशेब. मी गच्चीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. नेमके सगळ्या इमारतीचे कपडे वर वाळत होते.

तळमजल्यावरच्या वकीलबाई धावत आल्या. “अहो, माझा कोट आहे वर!”

“कोट काय, दुसरा मिळेल.”

“तोच दुसरा आहे!”

आपल्या बहिणीचा नवा ड्रेसही वरच होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत तिच्या बढतीचा समारंभ. ती हात पुढे करून म्हणाली, “किल्ली द्या.” मी तिला नायट्रोजनचं अर्धायुष्य समजावलं.

“तुमच्या नायट्रोजनचं अर्धंच जातंय ना? माझं अख्खं गेलं!”

तेवढ्यात पाऊस कोसळला. बढतीचं पत्र तिने घरच्या जुन्या ड्रेसवर घेतलं आणि तशीच आपल्याकडे निघून आली. (वकीलबाई माझ्याशी फक्त लेखी बोलतात.)

एक न्यूट्रॉन गेल्यावर गाभ्याचं काय होतं, ते आता पुस्तकात बघावं लागत नाही. काल पातेल्यात भात लावला होता. तळाशी शुद्ध कार्बन.

आपला नम्र (आणि तूर्त अस्थिर) मेहुणा

ता. क. कुकर खाली आणून पाहिला, तर झाकणाला रिंग नव्हती. ती धुऊन खिळ्याला अडकवलेली असते. मी डांबराच्या नादात खिळ्याकडे पाहिलंच नाही. त्या फटीतून विजेचा उजेड सरळ आत जात होता. थोडक्यात, वीज चमकली की वीज चमकल्याचं यंत्र मला कळवत होतं, आणि मी ते अख्ख्या इमारतीला. गच्चीवरची हवा उत्तम होती. हे आपण बहिणीच्या कानावर घातलंत, तर माझी हरकत नाही.

आणखी एक. तो खिळा आता रिकामा आहे. सकाळी कचेरीला जातानाच तिने रिंग बॅगेत घातलेली दिसते. नवी बाजारात मिळत असेल, मी चौकशी केलेली नाही. पोस्टाने पाठवू नये, वाकते. ज्या हातांना ती नीट बसवता येते, त्याच हातांनी यावी. वायर काढली आहे, डांबर खरवडतो आहे. ड्रेस धुऊन, इस्त्री करून दारामागे टांगला आहे. गच्चीची किल्ली त्याच्याच खिशात आहे.