डिस्कसाठी अडून बसू नकोस

दि. १४ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

चि. भिंगरीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तूही असशील, म्हणजे असायलाच हवंस, कारण मागच्या पत्रात स्वतःच्या तब्येतीबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. अख्खं पत्र त्या डिस्क आणि फाइलनेच भरून टाकलंस.

अक्षर बघून दचकली असशील. तुझ्या आईचं मनगट मुरगळलंय, म्हणून आज मी सांगतेय आणि तुझा बाप लिहितोय. समोर बसलाय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंड असं, की कुणी त्याच्याकडून जुना टेपरेकॉर्डर फुकटात दुरुस्त करून घेतंय. फोनवर तुझं नाव निघालं की तो उठून गॅलरीत जातो. पत्र लिहायला बसलेल्या माणसाला तसं उठता येत नाही. मी जन्मात पाटी हातात धरली नाही, पण एवढं मला कळतं.

त्याला आधीच बजावलंय. पत्र पुरं झालं की तुझी आई मला ते वाचून दाखवणार. एक ओळ जरी गाळलेली सापडली, तर परत पहिल्यापासून लिहायला बसवीन.

(गाळत नाही. — लिहिणारा)

हे बघ, मध्येच काहीतरी पदरचं घातलं त्याने. मी गप्प झाले तरी पेन चालू होतं.

इकडची खबरबात अशी. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. समोरच्या इमारतीतल्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय, त्याचा आवाजच येत नाही. सगळे वाखाणतात. मला आपलं चुकल्या-चुकल्यासारखं होतं. पूर्वी त्या कामाला बसल्या की इथे बसून कळायचं. दुकान बरं चाललंय. मागच्या खोलीत तुझ्या बापाने नवं कपाट केलंय आणि त्याला कुलूप घातलंय. कशाला, ते नंतर सांगते.

आधी तुझा प्रश्न. तुझं पत्र आईने दोनदा वाचलं तेव्हा मला जे उमगलं ते असं: त्या गाणाऱ्या बाईंचं नवं ध्वनिमुद्रण तू केलंस, पहिल्यांदाच सगळं तुझ्या हाताखाली. तुझं नाव दर्शनी भागावर येणार. तुमच्या कंपनीला ते नुसतं फाइल म्हणून बाहेर काढायचंय, डिस्क काढायचीच नाही. आणि तू त्यांना म्हणालीस की डिस्क काढा, नाहीतर थांबा. ते म्हणाले, थांबायचं तर पुढचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. शनिवारी तुला काय ते सांगायचंय. आणि हे सगळं कशासाठी, तर तुझा बाप डिस्कशिवाय काही ऐकत नाही म्हणून. ‘बाबा ऐकणार नसतील तर नाव पुढे आलं काय आणि मागे राहिलं काय,’ हे तुझंच वाक्य.

हे वाक्य लिहिताना याने चष्मा पुसला. काचा स्वच्छ होत्या.

आता उत्तर द्यायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीचं काढावं लागेल. तुला माहीत आहे सगळं, पण तुझा बाप ते अजून आपल्या सोयीने सांगतो, म्हणून माझ्या तोंडचं त्याच्या हातून एकदा कागदावर येऊ दे. दातांचे डॉक्टर दुकानात आले होते. तो मोठा काळा प्लेअर घ्यायचा असं त्यांचं ठरल्यातच जमा होतं. तुझा बाप त्यांना खण उघडून-मिटून दाखवत होता. बटण दाबलं की यंत्र सावकाश जीभ काढतं, डिस्क ठेवली की गिळतं. एखाद्याला नवं बाळ दाखवावं तसा तो ते दाखवतो. आणि तू काउंटरच्या अलीकडून म्हणालीस, “बाबा, हेच साध्या फाइलवर याहून मोकळं वाजेल. त्यांना खरं सांगा ना.” डॉक्टरांनी हात मागे घेतला. तू वाईट हेतूने बोलली नव्हतीस. पण गिऱ्हाइकासमोर बोललीस. आणि हा त्यांच्यासमोरच म्हणाला, “हवेतलं गाणं तुझं तुला लखलाभ. माझ्या दुकानात हातात धरता येईल तेच वाजेल.” मग तू नोकरीवर गेलीस आणि हा मौनात.

दोघंही बरोबर होतात, आणि दोघांचीही जीभ आत घ्यायचं बटण बिघडलं होतं.

“हे पण लिहू?” विचारतोय. लिही रे.

खरं सांगू का, मला तुमच्या त्या दोन्हीतला फरक आजवर कळलेला नाही. तुझ्या बापाने मला किती वेळा खुर्चीत बसवून ऐकवलं. “आई, आता हे ऐक. आता ते ऐक.” मी दर वेळी म्हणते, छान आहे. मला ऐकणाऱ्याच्या तोंडावर फरक दिसतो, कानात नाही. म्हणून या दोन वर्षांत मी गाणी कमी ऐकली आणि तुझ्या बापाचं तोंड जास्त बघितलं.

तर झालं असं. मध्ये तुमच्या कंपनीचं ते बासरीचं ध्वनिमुद्रण, तू काम केलेलं, बाहेर आलं. फाइलच आली, डिस्क निघाली नाही. हा घरात पावलं आपटत फिरायला लागला. तुझी आई म्हणाली, “मी घेते विकत, तुम्हाला नको तर नका ऐकू.” तर म्हणाला, “घे की, मला काय त्याचं?” आणि मग एका दुपारी गुपचूप...

थांब. पेन खाली ठेवलंय त्याने. “आई, हे लिहिणार नाही मी. तिची आई लिहील, बरं झालं मनगट की.” मी म्हटलं, मनगट केव्हाचं बरं आहे. सकाळी त्याच हाताने तिने पाण्याची बादली उचलली, मी पाहिलं. आता हा तिच्याकडे बघतोय आणि ती खिडकीबाहेर बघतेय. हसू नकोस गं सूनबाई, रंगेहाथ पकडली गेलीस. सासू-सुनेचं एकदा जमलं की घरातल्या पुरुषाने कागद पुढे ओढावा आणि मुकाट लिहावं. लिही.

एका दुपारी गुपचूप त्याने ती फाइल कॉम्प्युटरवरून एका कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. म्हणजे बघ, हट्टही मोडायचा नाही आणि लेकीचं ऐकायचंही. पण तुमच्या फाइलमधला आवाजाचा सगळा बारकावा त्या साध्या डिस्कवर मावत नाही म्हणे, छाटावं लागतं. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचा जन्म या धंद्यात गेला. तरी त्याने केलं. वाढलेल्या माणसाला शाळेतला सदरा चढवावा तसं. मग तो खण उघडला, डिस्क ठेवली, ऐकलं, आणि तोंड पाडून उठला. म्हणाला, “खोली गेली.”

मी म्हटलं, “कुठली खोली?”

“जिथे वाजवलं ती. वाजवणाऱ्याच्या मागे भिंत किती लांब आहे ते कळायला हवं, आई. इथे कळत नाहीये.”

“मग तिने घेतलीच नसेल खोली.”

तर माझ्यावर खेकसला. “ती खोली सोडणाऱ्यातली नाही. मीच छाटली असणार.”

भिंगरे, हे वाक्य मी आठवून आठवून जपून ठेवलंय. न ऐकलेल्या कामाची खात्री कोण देतं गं? खरोखरच खोली गेली होती की लेकीच्या कामाला हात लावल्याचं मन खात होतं, ते मला माहीत नाही. मला बासरी होती तशीच वाटली. पण त्याचं तोंड मी पाहिलं.

त्यानंतर मागच्या खोलीत ते कपाट आलं. कुलूपबंद. दुपारी दुकान मिटलं की हा “हिशेब बघतो” म्हणून आत जायला लागला. हिशेबाला एवढा वेळ लागावा असं आपलं दुकान नाही. एकदा मी चहा घेऊन गेले. कडी लावायला विसरला होता. बघते तर कपाट उघडं, आत फाइल वाजवायचा एक नवा चपटा डबा, खण नाही, जीभ नाही, काही नाही. याच्या कानावर मोठे हेडफोन, डोळे मिटलेले, आणि हातात स्क्रूड्रायव्हर. तो स्क्रूड्रायव्हर हवेत हळूहळू असा हलवत होता, जसं काही समोर वाजवणारे बसलेत आणि हा त्यांना सांभाळून घेतोय. मी उभी राहिले. चहावर साय धरली.

डोळे उघडले तेव्हा चोरी पकडल्यासारखा दचकला. “आई, बाहेर बोलू नकोस.” मी म्हटलं, नाही बोलणार. आणि नाहीच बोलले. आत्ताही मी तुझ्याशी बोलत नाहीये, त्याच्याशी बोलतेय. तुला तो सांगतोय.

लिहितोय गं. मान खाली आहे, पण पेन चालतंय.

आता एवढं आलंच आहे तर राहिलेलंही येऊ दे. गेल्या आठवड्यात ते दातांचे डॉक्टर पुन्हा आले. कसली तरी वायर हवी होती. हा त्यांना म्हणाला, “पाच मिनिटं आत या.” मी मागच्या खोलीच्या पडद्याअलीकडे बसले होते. याला वाटलं, मला डुलकी लागलीय. म्हाताऱ्या माणसाने डोळे मिटले की लोकांना वाटतं कानही मिटले. त्यांच्या कानावर ते हेडफोन चढवले. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, “वा! हे कुणी केलंय?”

हा म्हणाला, “आहे आमच्याकडची एक मुलगी.”

आमच्याकडची! जशी काही वरच्या मजल्यावरची भाडेकरू.

डॉक्टर माणूस हुशार. दाढ कुठली दुखते ते बोट न लावता ओळखतात. म्हणाले, “ही तीच का, जिने मला तुमचा प्लेअर घेऊ दिला नाही?”

पडद्यापलीकडे हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग हा म्हणाला...

“आई, पुरे.”

नाही पुरे. तू डॉक्टरांना सांगू शकलास. परक्या माणसाला. जिला सांगायचं तिला सोडून. लिही, मी थांबते.

मग हा म्हणाला, “तीच. माझीच मुलगी. आणि त्या दिवशी ती बरोबर बोलली होती.”

लिहिलं. मी बघतेय, लिहिलं त्याने. मला अक्षर कळत नाही, पण लिहायला किती जड गेलं ते कळतं.

तेव्हा शनिवारी त्यांना सांगून टाक, फाइल काढा. डिस्कसाठी अडून बसू नकोस. ज्याच्यासाठी अडणार होतीस तो केव्हाच कुलूप लावून फाइल ऐकत बसलाय. आणि डिस्क काही वाईट नाहीत, त्या विकून तर तुला शिकवलं. दुकानात त्या राहतीलच. नेटवर भरवसा नसलेली माणसं अजून पुष्कळ आहेत, त्यांच्याशी याचं छान जमतं.

आता एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. तुझी पहिली डिस्क, तू मदतनीस होतीस तेव्हाची, माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तुझं नाव आहे म्हणे. मी शिंपीणबाईंना कुठे आहे ते दाखवायला लावलं, आणि जागा लक्षात ठेवली. खालच्या कोपऱ्यापासून बोटभर वर. कुणी पाहुणी आली की मी डिस्क काढते, तिथे बोट ठेवते आणि म्हणते, वाचा. त्या वाचतात. तेवढं एक नाव मी न चुकता वाचू शकते. आता फाइलवर मी बोट कुठे ठेवू, असं तुझं पत्र ऐकल्यावर मनात आलं. क्षणभर वाटलं, सांगावं पोरीला की अडून बस. नाही, सांगत नाही. नाव पुढे येतंय ना, पुरे. बोट न ठेवता ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं. मी त्यांच्या तोंडाकडे बघेन, ते मला जमतं.

हा मान वर करून माझ्याकडे बघतोय. काय बघतोस? लिही.

जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस. हेडफोन काढून अधूनमधून माणसांचंही ऐकत जा. तुझी आई मनगट दाखवून हात हलवतेय, म्हणजे आशीर्वाद.

माझ्या नावाखाली मी याला थोडी जागा सोडायला सांगितलीय. तिथे त्याने काही लिहिलं तर लिहिलं, नाही तर कोरी जाईल. तुझी आई माझ्या नावापर्यंतच वाचून दाखवेल. त्याखालचं मी ऐकणार नाही, तसं तिला सांगून ठेवलंय.

तुझ्यामुळे आणि या लिहिणाऱ्यामुळे सारखीच मान ताठ करून बसलेली,
तुझी आजी



भिंगरी,

आईने सांगितलेलं सगळं खरं आहे. फाइलच काढा.

बासरीच्या तिसऱ्या तुकड्याआधी वाजवणारा श्वास घेतो, तो तू ठेवलास. दुसऱ्या कुणीही पुसला असता. या नव्या कामात असं काही पुसून टाक म्हणून कुणी सांगितलं, तर पुसू नकोस.

रविवारी दुकान बंद असतं. फोन आला तर मी गॅलरीत जाणार नाही.

बाबा