फणसाला अट आहे, गोरखला नाही

मी, रतनबाई हैबती पारठे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार हिर्डोशी, तालुका भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आज भोर मुक्कामी राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकायला दोघेतिघे येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवले. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कायद्याची भाषा वकीलबाईंची आहे. मधले बोलणे माझे आहे आणि ते गाळायचे नाही, असे मी त्यांना आधीच सांगितले आहे.

माझे यजमान कै. हैबती यांना जाऊन बरीच वर्षे झाली. मला अपत्ये दोन. मुलगी स्नेहल, आंबवड्यास दिलेली, आणि तिच्या पाठचा मुलगा गोरख, जो माझ्याजवळ राहतो. आज मला एसटीने इथवर त्यानेच आणले. माझी पिशवी मांडीवर घेऊन तो बाहेर बाकावर बसला आहे. या कागदात काय आहे ते त्याला माहीत नाही.

कलम १. माझ्या नावावर असलेली भाताची खाचरे, वरकस जमीन, राहते घर, गोठा आणि दोन म्हशी मी गोरखला देते. त्याच्या वडिलांची पहारही त्याचीच. पहारीचे मुद्दाम लिहिते, कारण खाचराची ताल, म्हणजे दगडी बांध, घालावी ती त्यानेच. त्याने रचलेला दगड पावसाळ्यात हलत नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटले तर तो मान खाली घालतो आणि म्हणतो, "दगडाचं काय, कुनीबी रचंल."

कलम २. वरील मिळकतीला कोणतीही अट नाही.

हे कलम एका ओळीचे आहे, पण त्यावरून माझे आणि स्नेहलचे गोरखच्या माघारी चार महिने भांडण झाले. गोरख दारू पितो, म्हणजे प्यायचा, म्हणजे आता बराच कमी झाला आहे, अधूनमधून पाय घसरतो. खरे तेच लिहिते. स्नेहलचे म्हणणे, "आई, लिव्ह त्यात, दारू सुटली तरच जमीन. न्हाईतर ईल दलाल आन् दोन बाटल्यांत सही घिऊन जाईल." ती दुष्ट नाही. भावावर तिचा फार जीव आहे आणि ती घाबरली आहे. ही भीती मलाही आहे. वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला गाड्या थांबवून जमिनी बघणारे मी रोज पाहते. तरी अट घालणार नाही. का, ते पुढे येईल.

कलम ३. स्नेहलला माझी बोरमाळ, पाटल्या आणि तिच्या वडिलांनी तिच्या नावे बँकेत ठेवलेल्या ठेवीची पावती. सून रत्ना हिला माझे डोरले. रत्ना सध्या माहेरी पालीला असते. ती गेली म्हणून गावाने तिला नावे ठेवली. मी ठेवत नाही. तिने सोसले ते मी शेजारच्या खोलीतून ऐकले आहे. ती परत येवो न येवो, डोरले तिचे.

कलम ४. आता फणसाचे. माझ्या खाचराच्या बांधावर जो फणस आहे, तो मी माझे धाकटे दीर हनुमंत भाऊजी यांना देते. मोजणीत फणस आमच्याकडे आला, तेव्हापासून भाऊजींनी आमच्या घरचे पाणी घेतलेले नाही. दर उन्हाळ्यात मात्र बांधाशी उभे राहून वरची फळे मोजतात. मी खिडकीतून बघते, हे त्यांना माहीत आहे. तर भाऊजी, फणस तुमचा. पण या मृत्युपत्रात अट आहे ती एवढ्या एकाच ठिकाणी, आणि ती तुम्हाला आहे.

अट अशी. गोरख प्यायला लागला तेव्हा भाऊजी त्याला भैरवनाथाच्या देवळात घेऊन गेले, गुरवासमोर बेल-भंडारा उचलायला लावला आणि दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. आपल्याकडे असेच करतात. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. पोराने शपथ घेतली, काही दिवस पाळली, मोडली. पुढच्या जत्रेला पुन्हा उचलायला लावली. पुन्हा मोडली. दारू मोडत नव्हती, पोरगे मोडत होते. प्यायला नव्हता तेव्हाही तो देवळासमोरून जाईनासा झाला. एसटीच्या थांब्यावर जायला सरळ वाट सोडून ओढ्यात उतरतो, शेवाळावरून चालतो आणि पलीकडून वर येतो. पावसाळ्यात दोनदा पडला. मला वाटायचे, कुणाकडे प्यायला जात असेल.

कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्रात त्याला एकदा ठेवले होते. तिथून आला तेव्हा दारू अगदी बंद. भावकीने पेढे वाटले. तो मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवण दिले तर जेवी, नाही दिले तर मागत नसे. लोक म्हणत, आता काय दुखतंय याला? मग एके दिवशी पुन्हा प्यायला, तेव्हा सगळ्यांना जणू हायसे वाटले, की आता शिव्या घालायला कारण मिळाले.

भोरच्या डॉक्टरीणबाईंकडे स्नेहलने नेले. त्यांनी दारूचे विचारलेच, पण आधी विचारले, "झोप लागते का? जगावंसं वाटतं का?" गोरख लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "म्या कुनाच्याच कामाचा न्हाई. देवालाबी तोंड दावायची सोय न्हाई ऱ्हायली." मग ओढ्याच्या वाटेचे सगळे बाहेर आले. मी तिथेच बसले होते.

बाई म्हणाल्या, "आजी, हा पितो म्हणून उदास आहे असं तुम्ही धरून चाललात. तो उदास आहे म्हणूनही पितो. एका माणसात दोन दुखणी आहेत. एकाला औषध देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवलं तर दोन्ही परत येतात." तेव्हापासून दोन्हींचे एकदम चालले आहे. गोळ्या आहेत आणि बोलणेही आहे. दर खेपेला बाई विचारतात, मागच्या वेळेपासून स्वतःच्या हाताने काय केलंस? पहिले काही महिने उत्तर एकच, "काय न्हाई." मग एकदा म्हणाला, "आईला च्या करून दिला." बाईंनी ते असे लिहून घेतले, जणू त्याने घाट फोडून रस्ता काढला.

म्हणून भाऊजी, अट ही की तुम्ही गोरखचा हात धरून त्याला सरळ वाटेने, पुढच्या दाराने देवळात न्यायचे. गुरवाकडून गाऱ्हाणे घालून घ्यायचे, की या पोराच्या गळ्यात शपथा मी घातल्या होत्या आणि त्या मी परत घेतो. नवी शपथ घालायची नाही. त्या दिवशी तो प्यालेला आहे का, हे हुंगायचे नाही. एवढे केलेत की फणस तुमचा, मुळापासून शेंड्यापर्यंत. नाही केलेत तर फळे रस्त्यावरच्या माकडांना. जमिनीला अट का घातली नाही, ते आता सगळ्यांना कळले असेल. अट म्हणजे आणखी एक शपथच. त्या त्याला पुष्कळ झाल्या.

कलम ५. भोरच्या बँकेत माझ्या नावे जी शिल्लक असेल, तिच्यातून आधी गोरखच्या गोळ्या, तपासणी आणि एसटीचे भाडे. मधेच तो प्याला म्हणून हा खर्च थांबवू नये. ताप उलटला म्हणून कुणी औषध बंद करत नाही. या खर्चाला वायफळ म्हणणाऱ्याने माझ्या तेराव्याला जेवू नये.

कलम ६. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी गोरख हैबती पारठे यास नेमते. वकीलबाईंनी पेन खाली ठेवून मला दोनदा विचारले. मी दोनदा होय म्हटले. गावात त्याच्या हाती कुणी दुधाची किटली देत नाही. माझे सगळे मी त्याच्या हाती देते. चुकला तर स्नेहलने मदत करावी, आणि मदत करताना उसासे टाकू नयेत.

कलम ७. शेवटचे. मला अग्नी गोरखने द्यायचा आहे. त्या दिवशी तो प्यालेला असेल तर भावकीतले कुणीतरी म्हणेल, पुतण्याच्या खांद्यावर मडके द्या. ते कुणी ऐकू नये. गोरख, तू त्या दिवशी प्यालास तर मी रागावणार नाही, कारण त्या दिवशी तुझी आई गेलेली असेल. तू कामाचा आहेस. माझ्या म्हातारपणाला पुरून उरलास, बाळा. पाय लटपटले तर एक दंड भाऊजींनी धरावा, एक स्नेहलने धरावा. हात मात्र त्याचाच लागला पाहिजे. आणि सगळे आटोपून घरी आल्यावर, रडणे झाले की, कुणीतरी त्याला गोळी घेतलीस का एवढे विचारा. रोज जेवणानंतर ते मी विचारते.

हे मृत्युपत्र मला मोठ्याने वाचून दाखवले. सातव्या कलमाला वकीलबाई पाणी प्याल्या, मग त्यांनी पुढे वाचले. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. पूर्वीचे मृत्युपत्र नाही. खाली मी सही केली आहे. अंगठा नाही, सही. ती मला गोरखने शिकवली, तो चौथीत असताना.

ठिकाण : भोर
दिनांक : १२ डिसेंबर २०२४

(सही) रतनबाई हैबती पारठे

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही आणि ज्यांनी सही आपल्यासमोर झाल्याचे पाहिले :

१. (सही) सिद्धनाथ रखमाजी कंक, राहणार हिर्डोशी
२. (सही) मंगल ज्ञानू सणस, राहणार भोर