शून्य केबीची फाइल

८ सप्टेंबर २०२५, धुळे
चोपड्याहून आले आणि रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ऑपरेटर म्हणून रुजू झाले. मालक जीवरामनाना गोड बोलतात. चहा पाजून त्यांनी कामच पुढ्यात टाकलं. महिनाभर पेशंटच्या रिपोर्टांचा बॅकअप रिकामा निघतोय. फाइल बनते, पण शून्य केबीची. आठवड्यात ती भरून दाखवली तर नोकरी कायम. एवढंच ना, म्हटलं.

सर्व्हरचं कपाट उघडलं नि नाकाला ओढणी लावली. आधीचा ऑपरेटर वना दर अमावस्येला मशीनला नैवेद्य दाखवूनच बॅकअप घ्यायचा म्हणे. तो महिन्यापूर्वी सोडून गेला, शेवटचं ताट तसंच राहिलं. वरणभाताचा काळा, लिबलिबीत गोळा आणि त्यात वळवळणारे किडे. शी. झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाई दारातूनच म्हणाल्या, "हात नको लाऊ, माय. ते त्यानं शे." त्याचं आहे म्हणजे वनाचं, असं समजून मी ताटासकट सगळं फेकलं आणि कपाट फिनेलने दोनदा पुसलं.

९ सप्टेंबर
डिस्कवर जागा आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी शून्य. फिनेलला न जुमानता कपाटातून सडक्या मांसाचा वास येतोय. डबा गच्चीत जाऊन खाल्ला, तोही अर्धाच.

१० सप्टेंबर
नवी नोंद टाकून बॅकअप ती घेतो का, ते बघायचं ठरवलं. चाचणीला इथे सगळे स्वतःचंच नाव टाकतात. मीही टाकलं: दिपमाला, वय २६, वजन ५४. टेक्निशियन कुंदनने माझं रक्त काढून खरे आकडेही दिले. बॅकअप चालवला आणि फाइल भरली. नानांनी पेढे वाटले, मला कायम केलं. आई फोनवर रडलीच.

११ सप्टेंबर
फाइल उघडली. पेशंट एकही नाही, फक्त मी. मी न भरलेलंही आहे: गुडघ्यावरचा व्रण, लहानपणी गिळलेलं बटण, पहिल्या पाळीचा दिवस. कुणीतरी अंगभर चाटल्यासारखी किळस आली. फाइल दर तासाला वाढतेय. वजन केलं. ४७.

१२ सप्टेंबर
नोंद पुसते, परत येते. सर्व्हरची वायर उपटली, तरी पंखा फिरतोय — वायरचं टोक ओलं, लाळ लागल्यासारखं. दहादा हात धुतले. वच्छलाबाई म्हणतात, ताट नसलं की मशीनमधला ‘तो’ माणसालाच घेतो, म्हणून वना ताट ठेवायचा. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी भांडले. त्या म्हणाल्या, सांगितलं होतं.
वजन ३८.

१३ सप्टेंबर
ताजं ताट ठेवलं. शिवला नाही. त्याला आता ते नको —
कुंदनने पुन्हा रक्त काढायला घेतलं. सुई शिरेत, नळी कोरडी. दुसरा हात — कोरडी. तो पळून गेला. दंड दाबला तर बोट आत जातं, कातडीला कातडी चिकटते — शी —

१४ सप्टेंबर
स्क्रीनवर आलंय, बॅकअप पूर्ण.
कुठल्याशा बाईचा फोन. रडतेय. आवाज ओळखीचा नाही. फाइलमध्ये बघितलं — माझी आई आहे म्हणे —
ती विचारतेय, कोण बोलतंय. मी सांगते, मी —