घागरीतली बाटली

पारोळा, ता. २ मे १९९४

तीर्थरूप अक्का,
धाकट्या झुलालचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून तू ते खोडलंस तरी चालेल. तुझे गुडघे कसे आहेत? दाजी पाहुण्यांचा दमा? धुळ्याला नळ किती दिवसांनी येतो? आमच्याकडे ऊन असं आहे की दुपारी गल्लीतलं कुत्रं आमच्या मोरीत येऊन झोपतं आणि त्याला हाकलायला उठण्याची कुणाची तयारी नसते.

अभिमनभाऊच्या घशापुढे जळगावच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच हात टेकले. मागेल ते द्या, म्हणाले. (डॉक्टर असं बोलले की काय समजायचं ते आपण समजायचं.) आधी भाकरी बंद झाली, मग दूध. आता पातळ आणि गार तेवढंच उतरतं. आणि भाऊनं मागितलं काय, तर गार केलेली लाल वाईन. भुसावळला साहेबांच्या क्लबात त्यानं तीस वर्षं पेले भरले, पण खानसाम्यानं चव बघायला दिलेल्या चमच्यापलीकडे स्वतः कधी घेतली नाही, हे गावात कुणालाच खरं वाटत नाही. गाव म्हणतं, दारूनंच घसा खाल्ला. तूही तेच म्हणत असशील. ‘दारू ओतणाऱ्या हातचं पाणी पिणार नाही’ म्हणून तू भरल्या घरातून उठून गेलीस, त्याला येत्या अक्षय्य तृतीयेला अठरा आखाज्या होतील. तो विषय मी काढणार नव्हतो. निघाला.

तर मी, प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक, बाटली आणायला जळगावला गेलो. धुळं जवळ, पण तिथं तुझ्या सासरचं कुणी दिसलं असतं. दुकानावर ही मोठी पाटी, वाईन शॉप. आत रम, व्हिस्की, बिअर, सगळं. वाईन तेवढी नव्हती. शेवटी मालकानं कुठून तरी धुळीनं माखलेली एक बाटली शोधून पुसली आणि मला एक दिवसाचा परवाना भरायला दिला. त्यावर छापलं होतं की ही दारू प्रकृती चांगली राखण्यासाठी आहे. अक्का, मी त्या गल्ल्यासमोर एकटाच हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा. मागे वळलो तर आपल्या गावचा झिपरू उभा. त्याची मुलगी माझ्या शाळेत चौथीला. त्यानंही आपली बाटली धोतरात लपवली, मीही माझी पिशवीतल्या उत्तरपत्रिकांखाली सारली, आणि दोघांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

ती बाटली मी मळ्यातल्या विहिरीत सोडली. दोरावरची आबांच्या वेळची गाठ तुला आठवते ना, गाठ काठाला आली की बादली बुडालीच. तेवढाच दोर सोडून मी निर्धास्त घरी आलो. संध्याकाळी ओढली तर चहासारखी कढत. पाणी गाठीच्या मापाखाली पाच हात गेलंय, आणि बाटली दिवसभर पाण्याच्या वर कोरडीच तापत लोंबकळत होती. मग बर्फाच्या कारखान्यातली अर्धी लादी लाकडाच्या भुशात बांधून आणली आणि तीच बाटली त्यात पुरली. भाऊनं ओठ लावले आणि पेला परत दिला. ‘कडू शे,’ म्हणाला, ‘जाड शे हाई.’

मग त्यानं मला शिकवलं. (आयुष्यभर मी शिकवलं, आणि शिकायला मिळालं ते असलं.) जाड, तुरट वाईन गार केली की तिचा कडूपणा वर येतो, ती थंडीच्या दिवसांची. उन्हाळ्यात हलकी घ्यायची. हलकी म्हणजे पेल्यामागे बोट धरलं तर दिसलं पाहिजे. आणि बर्फ नको, तासभर गार पाणी पुरे, नाहीतर चव झोपते. एवढं बोलायला त्याला सकाळपासून दुपारपर्यंत लागलं.

दुसऱ्या खेपेला मी दुकानाच्या दारात बाटल्या उन्हात धरून मागून बोट लावून बघत होतो. मालक म्हणाला, मास्तर, लाल कुणी गार करत नाही, पांढरी करतात. मी म्हटलं, साहेबांच्या क्लबात करायचे. चौथ्या बाटलीत बोट दिसलं.

घरातला माठ फुटका. आमच्या हिनं, भागाबाईनं, मला न विचारता आखाजीसाठी आणलेली नवी घागर काढली, पाणी भरलं आणि बाटली आत सोडली. गेलेल्या आबांच्या नावानं भरायची ती, आपल्या वडिलांच्या. मी ओरडलो तर म्हणाली, मामंजी रागावणार नाहीत, त्यांचाच मुलगा आहे. घागर भाऊच्या खाटेजवळ ठेवली. त्यानं कूस बदलली, ओली घागर पाहिली, आणि छाती धरून हसायला लागला. ‘मी जित्ता शे,’ म्हणाला, ‘ते मन्ही घागर भरी टाकी का?’ भागाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. मला पळायलाही कुठं जागा नव्हती. मीही हसलो, आणि मग हसता हसता मला रडू आलं.

एवढं करून त्यानं ती घेतलीच नाही. पेला भरायला गेलो तर मान हलवली. आजारी माणसाची लहर, दुसरं काय. बाटलीचं बूच अजून निघालेलं नाही. रोज तासभर घागरीत जाते, रोज बाहेर येते.

घरी सर्वांना यथायोग्य सांगणे.

तुझा,
झुलाल

ता. क. लहर वगैरे काही नाही, मी खोटं लिहिलं. मान हलवून तो म्हणाला, ‘तीस वरीस मी बठ्ठासले ओती दिन्ही. आते माले अक्का ओती दी.’ तेव्हा अक्का, सगळ्यांना त्यानं ओतलं, त्याला ओतायला तूच हवीस. आखाजीला अकरा दिवस आहेत, पण डॉक्टरांनी आम्हाला तेवढे दिलेले नाहीत. सणाची वाट पाहू नकोस. पत्र मिळताच मिळेल त्या एसटीनं निघ.

ता. क. २. पाहुणे माळकरी, त्यांना काय सांगायचं हा प्रश्न पडेल. सोबत परवाना पाठवला आहे. प्रकृतीसाठी असं सरकारनंच छापलंय, तो दाखव.

ता. क. ३. पत्र भाऊला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, मास्तर फार लांबण लावतो. मी पाकीट बंद करायला घेतलं तेव्हा म्हणाला, अजून एक लिही. ते त्याच्याच शब्दांत लिहितो: ‘तिले येवाले उशीर व्हई गया, ते पुढली आखाजीले मन्ही घागरमा नुसतं पानी भर म्हना. अक्काना हातनं पानी माले चाली.’